खुंटीवरचे बिल्ले

"आजोबा, बोट नीट टेकवा ना," असं ती पोरगी तिसऱ्यांदा म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. दवाखान्याच्या दाराशी बसवलेलं ते यंत्र, त्यावरची हिरवी काच, आत जाणाऱ्या प्रत्येकानं तिच्यावर बोट ठेवायचं, मग टिंग वाजतं आणि मधला दांडा वर होतो. माझं वाजलं. दादाचं वाजेना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मग त्या पोरीनं स्वतःच त्याचं मधलं बोट धरून काचेवर दाबलं, आणि दाबताना तिच्या हाताला काय जाणवलं कोण जाणे, चटका बसल्यासारखं तिनं ते सोडून दिलं. "अगंबाई, याला टोकच नाहीये!" वाईट नव्हती बिचारी, लगेच जीभ चावली तिनं. दादा हसला. "झिजलं गं बाळ, वापरून वापरून." मागे रांग लागलेली, कुणीतरी घड्याळ बघत होतं, आणि माझा भाऊ आपली आखूड बोटं, त्यांवरची चमच्यासारखी रुंद झालेली नखं बाहीत ओढून घेत होता, जणू चूक त्याचीच. मी म्हणाले, "झिजलं नाही, खाल्लं." पोरीला वाटलं मी तिला काही बोलले. तिनं घाईघाईनं वहीत हातानं नाव लिहिलं, दांडा उचलून धरला आणि आम्ही आत गेलो. त्या बोटांचा एक्स-रे माझ्या पिशवीत होता. शेवटच्या पेरातलं हाड मधूनच नाही. कुणी खोडरबरानं पुसून टाकावं तसं. आणि पोटाचे वेगळे कागद, ते वेगळ्या पाकिटात, कारण ते मी दादासमोर काढत नाही. ते देताना डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं की यकृताचा हा कर्करोग इतका दुर्मीळ की मी नोकरीभर दोनच बघितले. आणि थांबून म्हणाला, दोघंही तुमच्याच कारखान्यातले.

वरच्या मजल्यावर जाऊन बाकड्यावर बसलो. अकराला आत बोलावणार होते. तीन डॉक्टरांचं मंडळ, समोर कारखान्याचा माणूस, आणि साक्षीला मी. ठरायचं होतं एवढंच, की दादाचा आजार कामानं झाला की नशिबानं. कामानं झाला असं त्यांनी लिहून दिलं, तर उरलेले महिने तरी कारखान्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याला नीट पलंग मिळणार होता, दुखणं कमी करणारं औषध मिळणार होतं, आणि त्याच्यासारखं काम केलेल्या प्रत्येकाला शोधून तपासणीला बोलवावं लागणार होतं. नशिबानं झाला असं लिहिलं की विषय मिटला. बाकड्याला रेक्झिन होतं. पायाखाली लाकडाच्या रेघा छापलेली गुळगुळीत प्लास्टिकची फरशी. भिंतीवरून जाणाऱ्या वायरींचं आवरण, खिडकीची चौकट, पाण्याचा नळ, समोरून नेलेल्या पेशंटच्या हाताला लावलेली नळीसुद्धा. सगळी आमच्या कारखान्याची पांढरी भुकटी, पीव्हीसी. मी कुठेही गेले की हेच करते, दिसेल ते मोजते. बहिणीच्या घरी जेवायला बसले तरी टेबलावरच्या फुलाफुलांच्या कापडाला हात लावून बघते, आणि ती म्हणते, तुझं झालं का सुरू. हो, झालं सुरू. हे सगळं आता निरुपद्रवी आहे, धुऊन पुसून चकचकीत आहे, लोक त्यावर जेवतात, मुलं रांगतात. भुकटी होण्याआधी हे काय होतं ते कोणी विचारत नाही. आधी तो वायू होता. व्हिनाइल क्लोराइड. रंग नाही, जरासा गोड वास. दाबाखाली पाण्यात घुसळत ठेवला की त्याची भुकटी बनते, आणि हे घुसळणं चालायचं ते दोन मजले उंचीच्या पोलादी टाक्यांत. साहेब लोक त्यांना रिअ‍ॅक्टर म्हणायचे, आपली माणसं हंडा म्हणायची. हंडा म्हटल्यावर मग आत भिंतींना चिकटून बसायचं त्याला खरवड म्हणणं आलंच, आणि ती काढायच्या पोलादी पट्टीला उलथणं. घरी बायको उलथण्याला हात लावू देत नाही, इथे मात्र बघा, अशी एकमेकांची चेष्टा चालायची.

खरवड काढायला माणूस उतरवायचा. हंडा रिकामा केला, पाणी मारलं, तासभर पंखा लावला, की झाकणाच्या भोकातून कमरेला दोर बांधून एकाला आत सोडायचं. वर एक जण दोर धरून बसणार. आतल्यानं तासभर खरवडायचं, आणि तेवढा वेळ गात राहायचं. ही तिथली रीत. भोकातून आत काही दिसत नसे, म्हणून गाणं चालू आहे तोवर माणूस शुद्धीत आहे. गाणं थांबलं, अडखळलं, की ओढ दोर. ज्याला गाता येत नसे तो पाढे म्हणायचा. आणि जो हंडा साफ करेल त्याला उरलेली पाळी माफ, म्हणून सगळे त्यासाठी टपलेले असायचे. माझा दादा सगळ्यांत पुढे. त्याला आवाज होता. कारखान्यात त्याचं नाव गवई. दुपारी तीनलाच सुटायचा, अंघोळ करायचा, आणि संध्याकाळी जिथे कुठे गाऊन कथा सांगणारं कोणी बसलं असेल तिथे पहिल्या रांगेत हजर. माझी तीच आवड, पण माझी पाळी सहाला सुटे, मी पोचेपर्यंत अर्धं आख्यान झालेलं. मग दादा वाटेत मला सुटलेलं सगळं गाऊन दाखवायचा. आणि हंड्यात तेच म्हणायचा. देवाच्या नावाचं, ऐकून ऐकून पाठ झालेलं. त्या पोलादात आवाज असा घुमायचा की देवळाचा गाभारा झक मारेल. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते; हवा मोजायचे बिल्ले गोळा करायला हंड्याच्या तोंडाशी असलेल्या सज्जावर जायची ना, तेव्हा थांबून ऐकायची. हात जोडून ऐकायची! डोळे मिटून! देवा, तुझंच नाव घेत होता ना तो? लांब श्वास ओढून, पोट भरून, कारण तुझं नाव तुटक म्हणून चालत नाही. प्रत्येक ओळीला छातीभर हवा. ती कसली हवा होती हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. वर येताना तो हसत असायचा, पाय जड, डोळे तारवटलेले, आणि दोर धरणारा म्हणायचा, "काय गवई, लागली का समाधी?" सगळे हसायचे. मीही. पुढे एका पुस्तकात वाचलं की या वायूनं माणसाला गुंगी येते, एके काळी शस्त्रक्रियेच्या आधी हुंगवायला वापरता येईल का असाही विचार झाला होता. समाधी म्हणे.

"डबा खाऊन घेतेस का?" दादानं विचारलं. मी मान हलवली. "मग एवढी चिडून कशाला बसलीस? हे बघ, आत गेल्यावर सही तुझी आहे का विचारतील. आहे, तर हो म्हण. बास. जास्ती बोलू नकोस."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. आज आहे, उद्या नाही. तुझ्या नावाला बट्टा कशाला? त्या बिल्ल्यांचं तुझं काही चुकलं नाही. आम्हालाच तो पट्टा काचायचा मानेला."

असं बोलतो. या माणसाला राग म्हणून येत नाही, त्याच्या वाट्याचा मलाच करावा लागतो. आणि त्याची ही माफी, न मागता पुढे केलेली, मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती अर्ध्याच गुन्ह्याची आहे. पहिला अर्धा त्याला माहीत आहे. तो सगळ्या कारखान्याला माहीत होता. बिल्ले आले त्या वर्षी मी नवीन होते. बोटभर लांबीची प्लास्टिकची डबी, आत कोळशाची चकती; माणसानं ती पट्ट्यानं गळ्यात अडकवून, छातीवर ठेवून पाळी करायची, चकती हवेतला वायू शोषून घेते, मग मी ती यंत्रात घालून किती शोषला ते नोंदवायचं. प्रत्येकाला नंबर. माझं नाव पडलं बिल्लाबाई. हंड्यात उतरून आलेल्यांचे बिल्ले चिखल झालेले, ओले. ओली चकती यंत्र घेत नाही. आमचे प्रयोगशाळेचे साहेब ते परत पाठवायचे, रागवायचे. म्हणून मी शक्कल काढली. माझी, माझ्या डोक्यातली! सुताराला सांगून एक फळी करून घेतली, तिला खुंट्या, प्रत्येक खुंटीवर पांढऱ्या रंगानं नंबर, आणि ती सज्जावर खिडकीशेजारी ठोकून घेतली. "उतरायच्या आधी बिल्ला काढायचा, आपापल्या खुंटीला लावायचा. ओला करून आणलात तर माझ्याशी गाठ आहे," असा मी दम भरायची, आणि ही वीस-वीस वर्षं लोखंडाशी झुंजलेली माणसं "हो बिल्लाबाई, हो बिल्लाबाई" करत मुकाट्यानं बिल्ले टांगायची. पुढे पुढे पट्टा काचतो म्हणून दिवसभर कुणी तो खुंटीवरून काढेना. माणूस हंड्यात, बिल्ला खिडकीत. वाऱ्यावर. माझ्या वह्या इतक्या स्वच्छ झाल्या की साहेबांनी चौकटीत घातलेलं प्रशस्तिपत्रक दिलं. नीटनेटकेपणासाठी. ते मी आईच्या फोटोखाली लावलं होतं.

आणि तेच साहेब आता जिना चढून वर आले. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना सल्लागार ठेवलं आहे. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, काखेत माझ्या वह्या. निळ्या पाठीच्या त्या वह्या मी लांबूनच ओळखल्या. "बसा बसा, उठू नका. काय गवई, तब्येत काय म्हणते?" दादा उठून उभाच राहिला, नमस्कार केला. मी बसून राहिले. "बाई, तुमचं अक्षर बघा अजून कसं टपोरं," ते म्हणाले आणि एक वही उघडून माझ्यासमोर धरली. "आजकालची मुलं असं काम करतील? मी मंडळाला सांगणार आहे, अशी टापटीप मी दुसरीकडे पाहिली नाही. तुम्ही फक्त नोंदी आपल्या आहेत एवढं सांगायचं. कुणाचं वाईट व्हावं असं आपल्याला थोडंच वाटतं, पण शास्त्र आहे, आकडे आहेत, त्याला आपण काय करणार?" आवाज अगदी मऊ. हा माणूस मला कधी ओरडला तो ओल्या चकत्यांसाठी, बाकी नाही. मी विचारलं, "साहेब, नाक कसं आहे तुमचं?" ते गोंधळले. "म्हणजे?" "वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं शिकवलं होतंत तुम्ही सगळ्यांना. नाकाला कळेपर्यंत वायू हवेत मर्यादेच्या हजारो पट झालेला असतो, हे कधी कळलं तुम्हाला?" ते हसले, दादाकडे बघून, बायकांच्या बोलण्यावर पुरुष एकमेकांकडे बघतात तसं, आणि म्हणाले, "त्या काळी जगात कुणालाच काही माहीत नव्हतं हो." दादा म्हणाला, "तेही खरंच आहे." मला दादाला एक ठेवून द्यावीशी वाटली.

कारण दुसरा अर्धा. तो दादाला माहीत नाही, वहिनीला नाही, कुणाला नाही. पावतीसारखा मी तो इतकी वर्षं घडी घालून ठेवला आहे. एकदा पैलवान म्हणून एक जण होता तो बावीस दिवस रजेवर गेला, आणि त्याचा बिल्ला खुंटीवरच राहिला. मी सवयीनं तोही काढला, यंत्रात घातला, आकडा लिहिला. लिहिल्यावर थांबले. घरी बसलेल्या पैलवानाचा आकडा आणि त्या महिन्यात नऊ वेळा हंड्यात उतरलेल्या दादाचा आकडा, एकच. मागची पानं चाळली. सगळ्यांचे तेच. उतरणाऱ्याचे, न उतरणाऱ्याचे, दोर धरणाऱ्याचे. दुपार होती, खिडकीतून ऊन वहीवर पडलेलं, आणि सज्जावरून दादाचं गाणं ऐकू येत होतं. मी वही घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं. मग म्हणाले, "मग चांगलंच आहे की. म्हणजे हवा सगळीकडे सारखीच स्वच्छ आहे." मी म्हणाले, "हो साहेब." परत आले. बसले. पुढची चकती यंत्रात घातली. त्या "हो साहेब"ला किती वेळ लागला असेल? पापणी लवायला लागतो तेवढा. त्यानंतर चार वर्षं. मग पाण्याच्या झोताचं यंत्र आलं, माणसं उतरवणं बंद झालं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चार वर्षं माहीत असताना मी खुंटीवरचे बिल्ले काढले आणि आकडे लिहिले, टपोऱ्या अक्षरात. का? भीती म्हणावी तर कसली, साहेब काही खाणार नव्हते. शहाणी म्हणून नाव झालं होतं, ते जाईल म्हणून? दादाला लवकर सुटायला मिळतं म्हणून? की तो गातो आहे, तर ठीकच असणार, देवाचं नाव घेणाऱ्याला काय होतंय, म्हणून? देवा, हे शेवटचं कारण मी तुझ्यावर ढकलते आहे, आणि ढकलणार. संध्याकाळी तुझ्या कथेत पहिल्या रांगेत तो, मागून येऊन मी, दोघं डोळे पुसायचो. तुला दोघांचे हात दिसत होते ना? एकाची बोटं आतून विरघळायला लागलेली, दुसरीच्या बोटांना शाई. तू का नाही कथा मध्येच थांबवलीस?

नाव पुकारलं. आत गेलो. लांब टेबल, पलीकडे तीन डॉक्टर. मध्ये वयस्क डॉक्टरबाई, डावीकडचा पेंगुळलेला, उजवीकडचा तरुण, तो टाइप करत होता. दादाला खुर्ची दिली. साहेबांनी वह्या मांडल्या आणि मऊ आवाजात बोलले, पंधरा वर्षांच्या नोंदी, एकाही महिन्यात मर्यादेच्या वर नाही, तेव्हा आजार दुर्दैवी खरा पण त्याचा संबंध कामाशी जोडता येत नाही. डॉक्टरबाईंनी वही माझ्याकडे वळवली. "या नोंदी तुमच्या?"

"माझ्या."

"आकडे बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत. पण ते भिंतीचे आहेत."

"काय म्हणालात?"

"बिल्ले भिंतीवर असायचे, डॉक्टर. माणसं हंड्यात. पंधरा वर्षं मी त्या भिंतीची तपासणी केली. भिंत ठणठणीत आहे."

पेंगुळलेला जागा झाला. मी फळी सांगितली, खुंट्या सांगितल्या, ओल्या चकत्या सांगितल्या. साहेब म्हणाले, बाई भावाच्या काळजीनं बोलत आहेत, समजू शकतो. डॉक्टरबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "ही तुमची चूक तुमच्या कधी लक्षात आली?" प्रश्न साधाच होता. मी बावीस वर्षं त्याची वाट बघत होते आणि कुणीही विचारू नये म्हणून देवाला नवस बोलत होते. दादा माझ्याकडे बघत होता, मान हलवत, नको, नको म्हणत. त्याला वाटत होतं मी आता नाव खराब करून घेणार. त्याला काय माहीत. "चार वर्षं आधी," मी म्हणाले. "हंडे बंद व्हायच्या चार वर्षं आधी. रजेवरच्या माणसाचा आकडा आणि याचा आकडा सारखा आला तेव्हा. मी यांना दाखवलं, हे म्हणाले हवा सगळीकडे सारखी आहे. मी हो म्हणाले. मला कळलं होतं. कळलं असताना चार वर्षं मी लिहीत राहिले, आणि हा उतरत राहिला. लिहून घ्या." साहेब म्हणाले, "असं काही झाल्याचं मला स्मरत नाही." मी म्हणाले, "मला स्मरतंय. दोघांच्या वाट्याचं मीच स्मरते." आवाज माझा मलाच ओळखू येईना, खालच्या मजल्यावर ऐकू जात असेल. टाइप करणाऱ्याची बोटं थांबली होती. दादाकडे मी बघितलं नाही. बघवलं नाही. त्याची खुर्ची करकरली एवढंच ऐकलं.

डॉक्टरबाईंनी वहीची पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "हंड्यात उतरणारे आणखी कोण होते?" साहेब लगेच, "आजचा विषय एकाच माणसाचा आहे, मॅडम." "मी यांना विचारलंय," त्या म्हणाल्या. आणि मी सुरू केलं. वही लागली नाही मला, खुंट्या पाठ होत्या. "नऊ नंबर, हा माझा भाऊ. दहा, लंबू, तो कुठे गेला माहीत नाही. अकरा, पैलवान. पोट फुगून गेला, यकृत गेलं म्हणाले, लोकांनी दारूवर ढकललं. दारूला शिवत नव्हता तो, डॉक्टर, त्याच्या बायकोनं पाहुण्यांसमोर मान खाली घातली, त्याच्या पोरीचं लग्न मोडलं, आणि त्याचा आकडा बघा, रजेवर असतानाचा आणि कामावरचा एकच! बारा, पाढेवाला, त्याला गाता येत नव्हतं, एकोणतीसच्या पाढ्याला अडकायचा आणि वर सगळे हसायचे, तोही गेला, कशानं ते कुणी विचारलं नाही. चौदा..."

"तेरा राहिला," दादा म्हणाला.

मी थांबले. तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावर दोन्ही हात ठेवून, ती बोटं सगळ्यांना दिसतील अशी ठेवून, डॉक्टरबाईंकडे बघत होता. चेहरा काळानिळा झालेला. मला वाटलं दुखतंय.

"तेरा नंबर मास्तर. जिवंत आहे. बाजारामागच्या वस्तीत राहतो, शेवटची खोली. मागच्या महिन्यात म्हणाला, गवई, गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात रे. माझंही असंच सुरू झालं होतं, तरी मी त्याला सांगितलं वय झालं. मी सांगितलं!" त्यानं टेबलावर हात आपटला. इतकी वर्षं आवाज ऐकला त्याचा, पण हा नव्हता ऐकलेला. "त्याला आज बोलवा. कागद नंतर करा."

साहेब काही बोलायला गेले. "तुम्ही गप बसा," दादा म्हणाला, आणि मग माझ्याकडे न बघताच, "आणि तू कशाला थांबलीस? चौदा सांग."